घोयऱ्याचा घास आणि आपला पिंजरा



एखादा प्राणी हौसेने घरी आणायचा आणि मग त्याच्या पोटासाठी रोज दुसरे जीव पकडून आणायचे, याला प्राणीप्रेम म्हणावं का, यावर आज लिहिते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. सरडा किडे खातो यात त्याचा काहीही दोष नाही, दोष पिंजरा विकत आणणाऱ्याचा. एकदा पिंजरा घरात आला की मग किडे शेतातले आणा नाहीतर दुकानातले, हिशेब आपल्याच खात्यावर चढतो.

विषय निघाला तो माझ्या भाचीमुळे. ती पुण्याला फ्लॅटमध्ये राहते, मुलगा नऊ वर्षांचा. त्याने हट्ट धरला म्हणून घरात शॅमेलिऑन आला, म्हणजे रंग बदलणारा परदेशी सरडा. जाळीचा पिंजरा, वर दिवा, आत कुंडी, सगळा थाट. पावसाळ्यात ही मंडळी पहूरला येतात तेव्हा मुलगा प्लॅस्टिकची बाटली घेऊन कपाशीच्या बांधावर जातो आणि टोळ, नाकतोडे भरून आणतो. या वेळी भाचीने मला विचारलं, "मासी, दुकानातल्या डब्यातले रातकिडे महागही पडतात आणि ते मरण्यासाठीच वाढवलेले असतात. इथले टोळ फुकट, ताजे, मोकळ्या हवेतले. मग यात कमी पाप कशात?"

प्रश्न मनापासून विचारलेला होता. चेष्टेवारी नेण्यासारखा नव्हता, आणि "छे छे, आपल्यात चालत नाही" म्हणून दडपण्यासारखाही नव्हता. आपली मुलं आता शहरात राहतात, मोबाईलवर जगभरचे प्राणी बघतात. हे प्रश्न घरोघरी येणार. म्हणून सविस्तर उत्तर देते.

आधी प्राण्याची ओळख करून घेऊ. या कुळातली एक जात आपल्या भारतातलीच आहे. मराठीत तिला घोयरा सरडा म्हणतात. बाभळी-बोरीच्या झाडोऱ्यात राहतो, पानासारखा झुलत झुलत चालतो, त्यामुळे दिसतच नाही. त्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरतात. जीभ अंगाच्या लांबीहून जास्त लांब, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच भक्ष्य पकडून आत. पाणी वाटीतून प्यायचं त्याला सहसा कळत नाही, पानावरचे थेंब चाटतो. आपण लबाड माणसाला सरड्याची उपमा देतो, पण त्याचं रंग बदलणं लबाडीचं नसतं. ऊन, थंडी, भीती, राग, जोडीदाराची ओढ यांनी त्याचा रंग पालटतो. जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये दाखवून दिलं की याच कुळातल्या एका जातीत कातडीमधल्या अतिसूक्ष्म स्फटिकांमधलं अंतर कमीजास्त होतं आणि त्यावर पडलेला प्रकाश वेगळ्या रंगाचा दिसतो. म्हणजे जी गोष्ट पाहून आपण "किती सुंदर" म्हणतो, ती पुष्कळदा त्या जीवाची घाबरगुंडी असते.

आपल्याकडच्या घोयऱ्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचं, म्हणजे 1972 च्या कायद्याचं संरक्षण आहे. तो पकडून घरी ठेवणं गुन्हा आहे. या कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे, पकडणंही शिकारीतच मोडतं. मला ही व्याख्या फार आवडते, कारण ती आपल्या शास्त्राच्या अगदी जवळ जाते. त्याबद्दल पुढे सांगते. परदेशी शॅमेलिऑनचीही मोकळीक नाही. 2024 मध्ये केंद्र सरकारने नियम काढले, त्यानुसार आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या जातींचे प्राणी ज्यांच्याकडे असतील त्यांनी सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी करायची आहे. शॅमेलिऑन त्या यादीत येतात. दुकानदार हे सांगेलच असं नाही, म्हणून मी सांगते.

आता बाटलीतल्या टोळांकडे वळू. भाचीचं म्हणणं, इथले किडे नैसर्गिक. मी तिला म्हटलं, पहूरच्या कपाशीत नैसर्गिक काय उरलं आहे ते मला दाखव. आमच्याकडे पहूर पेठ घ्या की पहूर कसबे, वाघूर नदीच्या दोन्ही अंगांना कपाशी, मका आणि बागायत. कपाशीचं बियाणं पुष्कळदा येतानाच कीटकनाशक चोळून येतं. ते औषध रोपाच्या रसात भिनतं, पान कुरतडणाऱ्या किड्याच्या पोटात जातं. पुढे मावा, तुडतुडे, फुलकिडे, मग गुलाबी बोंडअळी, आणि प्रत्येकीवर वेगळी फवारणी. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, ते आपण विसरलो नाही. जिथे फवारणारा माणूस मरतो, तिथला टोळ धुतल्या तांदळासारखा कसा असेल? तो अर्धमेला असतो म्हणून तर नऊ वर्षांच्या मुलाच्या हाताला लागतो. धडधाकट टोळ पकडून बघा, दमछाक होईल.

हे विष एका तोंडातून दुसऱ्या तोंडात कसं जातं याचं मोठं उदाहरण मादागास्करचं आहे. शॅमेलिऑनच्या जगातल्या जवळजवळ निम्म्या जाती या एका बेटावर राहतात. तिथे 1997 नंतर टोळधाड आली आणि तिच्यावर फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक मोठ्या प्रमाणावर फवारलं गेलं. टोळांबरोबर वाळवीही मेली. मग वाळवीवर जगणारे सरडे घटले, वाळवी खाणारा साळूसारखा एक छोटा सस्तन प्राणीही घटला. मारायचं एकाला होतं, उपाशी राहिले दुसरेच. फिप्रोनिल आपल्याही कृषी केंद्रात मिळतं.

फवारणी नसलेल्या पडीक जागेतले किडे आणले तरी धोका आहेच. रुईच्या झुडपावर पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा देखणा टोळ बसलेला असतो. लहान मुलं आधी तोच पकडणार. तो रुईचा विषारी चीक पचवून आपल्या अंगात साठवतो. बाजरीच्या कणसावर येणारे हिंगे अंगाला लागले तर आपल्या कातडीवर फोड उठतात, मग सरड्याच्या घशाचं काय होत असेल? काजव्यांचंही तसंच. घरी पाळलेल्या सरड्याने अमेरिकेतला एखादाच काजवा गिळला आणि तो मेला, अशा नोंदी तिथल्या पशुवैद्यांनी केलेल्या आहेत. शिवाय रानातल्या किड्यांमधून जंत येतात ते वेगळेच. रानातला घोयरा आपलं भक्ष्य स्वतः निवडतो. काय टाळायचं हे त्याला त्याच्या रानात ठाऊक असतं. पिंजऱ्यातल्या परदेशी सरड्यासमोर आपण जे टाकू त्याच्याखेरीज त्याला काहीच नसतं. म्हणजे फुकटचा टोळ टोळाच्या जिवावर उठतो आणि सरड्याच्याही.

मग डब्यातले रातकिडे बरे का? सरड्याच्या तब्येतीचाच विचार केला तर हो, कमी धोक्याचे. पण माझी सवय वाण्याच्या घरातली आहे, मी वही काढली. सरडे पाळणारे सांगतात ते ढोबळ प्रमाण धरलं, की पिल्लाला रोज दहाएक रातकिडे, मोठ्याला एक दिवसाआड पाचेक. पहिल्या वर्षाचे साडेतीन हजारांवर. पुढच्या प्रत्येक वर्षाचे नऊशेच्या वर. हा परदेशी सरडा पाच वर्षं जगला असं धरलं तर बेरीज सात हजारांच्या पुढे जाते. एका मुलाच्या वाढदिवसाच्या हट्टापायी सात हजार जीव, आणि तेही आपल्या शास्त्राच्या मोजणीत चउरिंद्रिय, म्हणजे स्पर्श, चव, वास आणि दृष्टी असलेले.

त्यात आणखी एक गंमत, कडूच म्हणायची. रातकिडे नुसते टाकून भागत नाही. त्यांच्यात कॅल्शियम कमी असतं, त्यामुळे सरड्याची हाडं मऊ होऊन वाकतात. म्हणून किड्यांवर कॅल्शियमची पूड भुरभुरायची, आणि त्याआधी किड्यांना चांगलंचुंगलं खाऊ घालायचं, म्हणजे ते सरड्याच्या पोटात जाईल. हे चांगलंचुंगलं म्हणजे बहुधा गाजर. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जमीकंद आला नाही त्या घरात आता रातकिड्यांसाठी गाजर चिरायचं! उरलेले रातकिडे पिंजऱ्यात राहिले तर रात्री झोपलेल्या सरड्यालाच चावतात. कुणी कुणाला खायचं याची व्यवस्था लावणारे आपण, आणि म्हणायचं काय, तर मुलाला प्राण्यांची आवड आहे.

भाचीने पुढचा प्रश्न विचारला तो आपल्यातल्या कुणालाही सुचेल असाच होता. "मग त्याला पनीर, डाळीचं पीठ, भाजीपाला देऊन शाकाहारी करता येणार नाही का?" येणार नाही. या परदेशी सरड्याची जात थोडी पानं खाते हे खरं, पण तेवढ्यावर तो जगत नाही. किडे बंद करून त्याला पानांवर ठेवणं म्हणजे त्याला हळूहळू मारणं. हे मी फार स्पष्टपणे लिहिते आहे, कारण आपल्या लोकांचा हात इथे चुकण्याची भीती जास्त. टोळ वाचवला म्हणून समाधान मानायचं आणि पिंजऱ्यात पंचेंद्रिय जीव झिजत पडलेला, ही अहिंसा होत नाही.

श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात दर वेळी म्हणतो. बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भक्तपान-विच्छेद. घाईघाईत म्हणून टाकतो, पण एकदा थांबून क्रम बघा. पहिलाच अतिचार बंध, म्हणजे जीवाला बांधून, कोंडून ठेवणं. मारणं त्याच्या नंतर येतं. आणि शेवटचा भक्तपान-विच्छेद, म्हणजे आपल्या ताब्यातल्या जीवाचं अन्नपाणी तोडणं. भाचीचा सगळा पेच या दोन टोकांमध्ये आहे. सरडा कोंडला तिथे पहिला अतिचार लागला. आता किडे दिले नाहीत तर पाचवा लागतो. दिले तर किड्यांची हिंसा. कुठूनही सुटका नाही. कारण सुटकेचं दार पिंजरा घरात येण्याआधीच होतं.

आठवं व्रत अनर्थदंड-विरमण. गरज नसताना, कारण नसताना केलेली हिंसा सोडायची. माझ्या मते हा सगळा विषय याच व्रतात बसतो. स्वयंपाकात, झाडलोटीत हिंसा होते, तिला आपण आरंभी म्हणतो. शेतीत-धंद्यात होते ती उद्योगी. या दोन्ही कमी करायच्या, जयणा पाळायची, पण संसारी माणसाला पूर्ण टळत नाहीत. हौसेचा सरडा कोणत्या गरजेत बसतो? त्याच्यावाचून चूल अडत नाही, पोट अडत नाही, दुकान अडत नाही. शिवाय पंधरा कर्मादानांतलं शेवटचं आठवा, असतीजन-पोषण. हिंसक प्राणी पाळण्या-पोसण्याचा धंदा करू नये, असा त्याचा एक अर्थ आचार्यांनी लावला आहे. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याखाली मांजर, कुत्रा, पोपट, मैना, कोंबडा यांची नावं घेतली आहेत. शॅमेलिऑनचं दुकान त्यांनी पाहिलं नव्हतं, पण ते कुठल्या ओळीत बसेल हे सांगायला पंडिताची गरज नाही.

आणि करणं, करवणं, अनुमोदणं ही तीन करणंही विसरू नका. बाटली घेऊन टोळ पकडला ते करणं झालं. ऑनलाइन रातकिड्यांचा डबा मागवला ते करवणं. आणि सरड्याची जीभ लांब सुटून किडा आत जातो त्याचा व्हिडिओ बघून अंगठा दाबला, चार जणांना पाठवला, ते अनुमोदन. हे तिसरं आपल्या हातून किती सहज होतं बघा. घरात एकही प्राणी नाही, तरी खात्यावर नोंद होते.

आता माझ्याविरुद्धचे मुद्दे. ते मला ठाऊक आहेत, कारण जेवणाच्या पंगतीतच मला ऐकवले गेले.

पहिला मुद्दा घरातल्याच एका शेतकरी स्नेह्यांचा. "वहिनी, आम्ही एका फवारणीत लाखो किडे मारतो आणि तुम्ही त्याच कापसाच्या साड्या नेसता. मग एका सरड्याच्या दहा टोळांचं काय घेऊन बसलात?" बरोबर आहे. आपण सगळे त्या लाखांचे भागीदार आहोत, आणि खानदेशात कापसाच्या व्यापारावर उभी राहिलेली आपली घरं तर जास्तच. पण घर आधीच जळतंय म्हणून आणखी एक काडी टाकायला हरकत नाही, असं कुणी म्हणतं का? उलट ज्यांच्या खात्यावर टाळता न येणारी हिंसा इतकी मोठी आहे त्यांनी टाळता येण्यासारखी तरी टाळावी. शेतकरी पोटासाठी फवारतो आणि त्याला ते खुपतंही, पुष्कळांना मी तसं बोलताना ऐकलं आहे. हौसेला खुपायला काही नसतं.

दुसरा मुद्दा सासूबाईंच्या वयाच्या एका मासींचा. त्या म्हणाल्या, "धान्यातले सोंडे, टोके आपण काढतोच, ते सरड्याला टाकले तर काय बिघडलं, तसेही मरणारच." नाही, मासी. आपल्या घरात धान्य निवडताना निघालेले जीव कसे ठेवतात ते तुम्हीच आम्हाला शिकवलंत. मूठभर दाणे घालून सावलीत, पायाखाली येणार नाही अशा जागी. गव्हाला एरंडेल चोळतो, डाळीत कडुलिंबाचा पाला घालतो, तो जीव पडूच नयेत म्हणून. पाणी गाळल्यावर गाळण्यातली जिवाणी परत त्याच विहिरीत सोडायची ही रीत आपल्या आज्यांनी पाळली. डोळ्याला न दिसणाऱ्या जीवासाठी त्या विहिरीपर्यंत जात होत्या. गुजरातेतल्या जुन्या पांजरापोळांमध्ये जीवातखाना असायचा, झाडलोटीतले किडे धान्यासकट तिथे आणून ठेवायचे. लोक हसत असतील. पण त्यामागे एक ठाम विचार होता, की जीव लहान म्हणून त्याचं मरण लहान होत नाही.

धर्मरुची अणगारांची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. नागश्रीने वाढलेली कडू, विषारी तुंब्याची भाजी परठायला, म्हणजे टाकून द्यायला ते गेले. एक थेंब जमिनीवर टाकून पाहिला. मुंग्या आल्या आणि मेल्या. एका थेंबाने इतक्या, तर सगळ्या भाजीने किती, असा विचार करून त्यांनी ती भाजी स्वतःच खाऊन टाकली आणि देह ठेवला. मुंगीच्या मरणाची किंमत आपल्या परंपरेने अशी मांडली आहे. तिच्यापुढे "तसेही मरणारच" हे वाक्य टिकत नाही.

तिसरा मुद्दा मात्र अवघड, आणि तिथे मी आपल्याच लोकांशी थोडी भांडणार आहे. दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या लाल मंदिरात जैन समाजाने चालवलेलं पक्ष्यांचं रुग्णालय आहे, जगभर नाव असलेलं. तिथे जखमी कबुतरं, पोपट दाखल करून घेतात. मांसाहारी पक्ष्यांवर वरचेवर उपचार करतात, पण आत ठेवून घेत नाहीत, असा तिथला शिरस्ता सांगतात. त्याच दिल्लीत नदीम शहजाद आणि महंमद सौद हे दोघे भाऊ जखमी घारी सांभाळतात. त्यांना एकदा घायाळ घार सापडली, ती मांसाहारी म्हणून पक्ष्यांच्या दवाखान्यात घेतली गेली नाही, तिथून त्यांचं काम सुरू झालं. त्यांच्यावर 2022 मध्ये आलेला "ऑल दॅट ब्रीद्स" हा माहितीपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. मंदिराच्या आवारात मांस शिजू-चिरू नये, हे मला समजतं. पण घारीला दारातून परत पाठवणं म्हणजे अहिंसा, असं मात्र मला म्हणता येत नाही. ती घार माणसाच्या मांज्याने कापलेली असते.

यावर मला वाट दाखवते ती मेघरथ राजाची कथा, शांतिनाथ प्रभूंच्या पूर्वभवातली. कबुतर राजाच्या मांडीवर येऊन पडलं, मागून ससाणा आला आणि म्हणाला, हे माझं अन्न आहे, मी भुकेने मरतो. कथा सांगताना आपण कबुतराला वाचवण्यावर भर देतो. मला ससाण्याशी राजा कसा वागला ते महत्त्वाचं वाटतं. राजाने ससाण्याला पापी म्हटलं नाही, दाणे खा म्हणून उपदेश केला नाही, उपाशी हाकलून दिलं नाही. तराजू आणवला, स्वतःच्या मांडीचं मांस कापून तोलायला सुरुवात केली आणि शेवटी स्वतःच पारड्यात बसला. शिकार करणाऱ्याची भूक खरी आणि शिकारीचं भय खरं, दोन्ही त्याने मान्य केलं. आणि किंमत दुसऱ्या कुणाच्या अंगातून वसूल केली नाही. आपण मेघरथ नाही. पण ज्याला स्वतःच्या अंगातून किंमत द्यायची नाही, त्याने निदान हौसेने तराजू घरात आणून ठेवू नये, एवढं तर कळायला हवं.

म्हणून मी दोन गोष्टी वेगळ्या करते. संकटात सापडलेल्या मांसाहारी जीवाला वाचवताना त्याला त्याचं अन्न द्यावं लागलं, तर ती त्याच्यावरची दया आहे. आपल्याच्याने ते होत नसेल तर ज्यांच्याच्याने होतं त्यांच्याकडे त्याला पोचवावं. आणि धडधाकट जीवाला रानातून किंवा दुकानातून उचलून आणून, आपण त्याचे शिकारी व्हायचं, हा अनर्थदंड. भूक दोन्हीकडे तीच आहे. पहिल्या ठिकाणी ती आपल्याला सापडते, दुसऱ्या ठिकाणी आपण ती विकत आणतो.

भाचीला मी काय करायला सांगितलं ते लिहिते, कुणाच्या घरी असाच पेच असेल तर उपयोगी पडेल.

सरडा आहे तोवर त्याला उपाशी ठेवू नको. प्राण्यांच्या डॉक्टरांना, त्यातही सरडे-कासवं तपासणाऱ्यांना, विचारून जेवढं लागतं तेवढंच दे, खेळ म्हणून एकही जास्त नाही. टोळांची बाटली बंद, आज, आत्ता. सरकारी नोंदणी झाली नसेल तर चौकशी करून घे. त्याला जोडीदार आणायचा नाही, पिल्लं वाढवायची नाहीत, हा गेल्यावर दुसरा नाही. आणि दया आली म्हणून त्याला पहूरच्या शेतात सोडायचं नाही. एकतर तो इथे जगणार नाही, आणि जगला तर इथल्या जीवांच्या मुळावर येईल. हवाई बेटांवर आणि फ्लोरिडात हाच परदेशी शॅमेलिऑन पिंजऱ्यातून सुटून रानात पसरला आहे.

इथला घोयरा कुणाला दिसला तर हात लावू नका, दगड तर मुळीच मारू नका. तो विषारी नाही. जखमी असेल किंवा कुणी कोंडून ठेवला असेल तर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

राहिला मुलगा. त्याची आवड खोटी नाही, तिला पाप म्हणून झिडकारलं तर तो आपल्या धर्माकडे पाठ फिरवेल, प्राण्यांकडे नाही. त्याला मी वेगळं काम दिलं आहे. आमच्या शेताच्या एका बांधावर बोर, बाभूळ, करवंदाची झाळी आहे. ती तोडायची नाही, तिच्यावर फवारा जाऊ द्यायचा नाही, हे मी घरच्यांकडून कबूल करून घेतलं. तिथे काय काय राहतं ते त्याने लांबूनच बघायचं आणि वहीत मांडायचं. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, अशी म्हण आहे. ती आपण टिंगलीने वापरतो. पण त्या बिचाऱ्याला खरोखरच एवढंच लागतं, एक जिवंत कुंपण. त्यात त्याचं अन्न आहे, पाणी आहे, लपायला जागा आहे, आणि त्याच्या घासाचा हिशेब ठेवायला माणूस लागत नाही.

आता चौमासा चालू आहे. साधू-साध्वी या चार महिन्यांत एका जागी थांबतात ते याच किड्या-मुंग्यांसाठी, पायाखाली जीव येऊ नयेत म्हणून. स्थानकात जीवदयेच्या पेटीत आपण पैसे टाकतो, ते गोशाळेला जातात, जायलाच हवेत. या वर्षी एक पच्चक्खाण मुलांकडूनही घ्या. हौसेसाठी कोणताही जीव कोंडणार नाही, आणि दुसऱ्याने कोंडलेला बघून टाळी वाजवणार नाही. शेतं असलेल्यांनी एक बांध राखा, फवाऱ्याविना. अभयदानाला यापेक्षा स्वस्त जागा मला तरी दिसत नाही.